बेंजोला कॉर्डलेस

आमच्या कुंडलला तारा तोडण्याची परंपरा जुनी आहे. बेचाळीसच्या चळवळीनंतर साताऱ्याच्या मुलखात प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा भूमिगतांनी टेलिफोनच्या आणि टेलिग्राफच्या तारा तोडून साहेबाचं बोलणंच बंद पाडलं होतं. त्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि तूफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाडही कुंडलचेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे अडवली, त्यातही आमच्या गावची माणसं होती. त्यामुळं तार तोडणं हा आमच्याकडं गुन्हा कधीच नव्हता. माणूस तार तोडताना दिसला तर गाव आधी विचारतं, कशासाठी?

माझ्या पुतण्यानं तोडली ती गिटारची. तोडली म्हणजे उपसून माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी कॉर्डलेस आणलं.

पोरगा सांगलीला इंजिनिअरिंग करतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक वेळ, इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. या गिटारला पोट नसतं. भरीव लाकडाची फळी, वर सहा तारा आणि तारांखाली चुंबकाचे पिकअप. ॲम्पला जोडल्याशिवाय हिचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. हा तिचा सगळ्यात मोठा गुण आमच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी हेरला आणि ॲम्प घ्यायचं दोन वर्षं पुढं ढकललं. शेवटी ॲम्प आला आणि त्याच्याबरोबर वायर आली.

या वायरीच्या दोन्ही टोकांना ६.३५ मिलिमीटरची पिन असते. ही पिन संगीतासाठी जन्मलीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बायका एकाचा फोन दुसऱ्याला जोडायला ती खुपसायच्या. टेलिफोन कुठल्या कुठं गेला, पिन तीच राहिली. आणि एक्स्चेंजच्या काळातला तिचा स्वभावही राहिला: मधेच खरखरायचं, मधेच बंद पडायचं, आणि हलवलं की पुन्हा नीट चालायचं.

पण वायरीची खरी किंमत पोराला ती गेल्यावर कळली. वायर होती तोवर त्यानं एकदाही चुकीचं वाजवलं नव्हतं. प्रत्येक वेळी ‘पिन लूज’ होती. तार चुकीची दाबली गेली की तो खाली वाकायचा, पिन पिळायचा, कपाळाला आठ्या घालून स्पीकरवाल्याकडं बघायचा. स्पीकरवाला मिक्सरची दोन बटणं उगीच फिरवायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढा जीव लावून वाजवतोय पोरगा, आणि ही यंत्रं त्याला साथ देत नाहीत. भारतात ऑर्केस्ट्रा ज्या काही पिढ्या टिकले, त्यात या लूज पिनचा वाटा गायकांएवढा आहे असं माझं मत आहे.

तर हा पोरगा गणपतीच्या दिवसांत गावातल्या बेंजो पार्टीत वाजवायला लागला. बेंजो पार्टीत गिटार कशाला, असा प्रश्न गावात कुणी विचारला नाही. बेंजो पार्टीत गाव काहीही चालवून घेतं, कारण बेंजो हे वाद्यच मुळात परक्या मुलखातून आलेलं आणि इथं आल्यावर हाताबाहेर गेलेलं आहे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं ‘ताईशोगोतो’ नावाचं एक वाद्य काढलं. आडव्या पेटीवर तारा ताणलेल्या आणि त्या दाबायला टाईपरायटरच्या धर्तीवर बटणं. घरात बसून हळुवार वाजवायचं ते. हिंदुस्थानात ते आलं, त्याला बुलबुल तरंग म्हणायला लागले, मग कुणीतरी पिकअप बसवला, पट्टा लावून गळ्यात अडकवलं, आणि ज्याचा आवाज जपानी दिवाणखान्याबाहेर जायचा नाही ते वाद्य मुंबईपासून आमच्यापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका हलवायला लागलं. अमेरिकेतला बेंजो निराळा, त्याला गोल पोट असतं आणि आमच्या बेंजोशी त्याचं काडीचं नातं नाही. रवी जाधवांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, तेव्हा या वाद्याला मोठ्या पडद्यावर मान मिळाला. आमच्या पार्टीत बेंजो वाजवणाऱ्या मास्तरांनी तो सिनेमा बघितला आणि नायकाच्या हातांची जागा चुकलेली आहे एवढंच मत दिलं.

म्हणजे तसं बघितलं तर आमचा बेंजो हीच आमची इलेक्ट्रिक गिटार. तारा, पिकअप, तीच पिन, तीच वायर. फरक एवढाच की गिटारवाला स्टेजवर उभा असतो आणि बेंजोवाला चालत्या टेम्पोला बांधलेला असतो.

हे बांधलेपण बघितल्याशिवाय कळायचं नाही. पुढं साऊंडचा टेम्पो. त्यात जनरेटर, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि रचलेले बॉक्स. टेम्पोच्या मागं बेंजो पार्टी, तिच्या मागं नाचणारी पोरं, आणि सगळ्यात शेवटी ट्रॉलीत गणपती, ज्याची मिरवणूक असल्याचं मधून मधून कुणालातरी आठवतं. मास्तरांच्या गळ्यातल्या बेंजोतून निघालेली वायर टेम्पोत जाते. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये पुढं सरकला की मास्तरांनाही सरकावं लागतं, मग तान अर्धी असो की पुरी. ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला तर मास्तर बॉक्सवर, आणि ड्रायव्हर चहाला उतरला तर मास्तर त्याच चौकात त्याच गाण्यावर पंधरा मिनिटं. मिरवणुकीत ताल ढोलकीवाला ठरवतो असं लोकांना वाटतं. तो ठरवतो टेम्पोचा क्लच.

आणि या वायरीला एक माणूस लागतो. त्याचं काम वायर धरणं. नववी-दहावीतला पोरगा असतो. वायर जमिनीवर पडू द्यायची नाही, नाचणाऱ्यांच्या पायात येऊ द्यायची नाही, गुलालातून आणि चिखलातून वाचवायची, टेम्पो पुढं गेला की ढील द्यायची, थांबला की गोळा करायची. शिवाय ओट्यावरून कुणी मास्तरांना बक्षीस म्हणून दहाची, पन्नासची नोट दाखवली तर मास्तर वायरीमुळं तिथवर जाऊ शकत नाहीत, तेव्हा ती नोट आणायची. ती नोट येते तेवढीच मास्तरांपर्यंत पोचते का, हा हिशेब कुणी विचारत नाही. हाच त्या पोराचा पगार.

पुतण्यानं आणलेलं कॉर्डलेस म्हणजे अंगठ्याएवढे दोन तुकडे. एकाची पिन गिटारमध्ये, दुसऱ्याची ॲम्पमध्ये. दोघांवर एकेक निळा दिवा. गिटारचा आवाज इकडं आकड्यांत बदलतो, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर बसून तिकडं जातो आणि ॲम्पमध्ये शिरायच्या आत पुन्हा आवाज होतो. या सगळ्याला चार-पाच मिलिसेकंद लागतात. नावाजलेल्या कंपन्यांचं असलं यंत्र बरंच महाग. पोराचं पाच हजारांच्या आत बसलं. खोक्यावर शंभर फूट रेंज आणि पाच तास बॅटरी असं लिहिलेलं. मंडपवाल्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि ‘माझा कॉर्डलेस माईक जड हाय’ एवढाच शेरा मारला. विजेच्या वस्तूची प्रत तो वजनावर ठरवतो.

आमच्या आण्णांनी, म्हणजे पोराच्या आजोबांनी, जास्त मुळाला हात घातला. पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षबाग केलेला माणूस. बागेत तारांचा मांडव घालण्यात आयुष्यातले निम्मे पैसे गेलेले. ते म्हणाले, “आरं, तारंबिगार येल उभा ऱ्हातो व्हय? भुईवर पसरतोय त्यो, आन् मग शेळ्या खात्यात.” पोरगा हसला. शेळ्यांचा मुद्दा पुढं मिरवणुकीत येणार होता, फक्त शेळ्या दोन पायांच्या होत्या.

पोराची बाजूही लंगडी नव्हती. गिटारच्या तारा वायरीतून थेट ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्पचं अर्थिंग नीट नसेल, आणि मंडपात ते कुणी नीट केलेलं मी तरी बघितलेलं नाही, तर वाजवणाऱ्याचा हात तारांवर आणि ओठ माईकला लागताच विजेला माणसामधून रस्ता सापडतो. गावोगावचे ऑर्केस्ट्रातले गायक माईकला रुमाल गुंडाळतात. स्टाईल म्हणून गुंडाळतात असं आम्ही लहानपणी समजायचो. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे नावाचा गिटारवादक असाच, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून, भर कार्यक्रमात गेला. १९७६ च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘किस’ या गाजलेल्या बँडच्या एस फ्रेलीला स्टेजवर झटका बसला, तो वाचला. त्यानंतर त्या बँडनं वायर सोडली. केन शेफर नावाच्या माणसानं गिटारसाठी बिनतारी यंत्र केलं होतं, ते या मंडळींनी घेतलं. म्हणजे बिनतारी गिटार ऐटीसाठी आली असं आपल्याला वाटतं, पण तिच्या मागं अर्थिंगची बोंबही आहे. वायर तुटल्यावर माणूस आणि ॲम्प यांच्यामधला विजेचा रस्ताच तुटतो. हे आण्णांना सांगितल्यावर ते थोडे नरमले. त्यांच्या मोटारीच्या स्टार्टरनं त्यांना बऱ्याचदा ओळख दिलेली आहे.

पहिले काही दिवस घरातच प्रयोग चालले. ॲम्प सोप्यात, पोरगा गच्चीवर. मग पोरगा गोठ्यात. मग पोरगा पिठाच्या गिरणीजवळ. घरात कुणी नाही आणि सोप्यातून गिटार ऐकू येतेय, हे आमच्या म्हाताऱ्या काकींना सोसेना. त्यांनी ॲम्पसमोर उभं राहून त्याला, म्हणजे पोराला, दोन-तीनदा जेवायला बोलावलं. गिरणीजवळ पोराला बघून आलेल्या माणसानं ‘तिकडं हाय त्यो’ असं सांगितल्यावर तर त्या म्हणाल्या, “मग हितं कोण वाजवतंय?” या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून दिलं. त्यांनी ॲम्पवर टॉवेल टाकला.

याच काळात वायर नसल्याचा आणखी एक तोटा ध्यानात आला. गिटारचा आवाज फारच स्वच्छ आणि टोकदार यायला लागला. लांब वायरीत वरचे, कातर स्वर थोडे विरून जातात. इतकी वर्षं गिटारवाल्यांचे कान त्याच विरलेल्या आवाजाला सरावलेले. म्हणून महागड्या कॉर्डलेसमध्ये एक बटण देतात. ते दाबलं की यंत्र मुद्दाम आवाज थोडा मळवतं, वायर असल्याचा भास व्हावा म्हणून. वायर काढायला पैसे, आणि ती आहे असं वाटायला आणखी पैसे. आमच्या स्वस्तातल्या यंत्रात हे बटण नव्हतं. त्यामुळं पोरानं आजवर लूज पिनच्या आड जे जे काही वाजवलं होतं, ते एकदम उन्हात आलं.

गणपतीत मात्र हे यंत्र पोराच्या हातात उरलं नाही. बेंजोमास्तरांनी ते बघितलं, पिन हातात धरली, आपल्या बेंजोच्या भोकात घालून बघितली, बसली. “तू पोरा, आजच्या दिस वायरीवर वाजीव,” असं म्हणून त्यांनी निर्णय दिला. मास्तरांपुढं बोलायची पार्टीत पद्धत नाही. पोरानं माळ्यावरची वायर उतरवली. कॉर्डलेसचा मालक टेम्पोला बांधला गेला आणि मास्तर तीस-पस्तीस वर्षांनी मोकळे झाले.

मोकळा झालेला माणूस पहिल्यांदा काय करतो? मास्तर आधी टेम्पोपासून लांब गेले. विनाकारण. मग रस्त्याच्या डाव्या बाजूच्या ओट्यावर गेले, तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर एक जुनं गाणं वाजवलं आणि बक्षिसाची नोट स्वतःच्या हातानं घेतली. मग उजव्या बाजूला. मग एका गॅलरीखाली, जिथं बायका उभ्या होत्या, तिथं बराच वेळ. वायरीच्या काळात मास्तरांच्या अंगावर ज्या नोटा आल्या नसतील तेवढ्या पहिल्या दोन गल्ल्यांत आल्या. वायर धरणारा पोरगा रिकाम्या हातानं टेम्पोच्या फळीवर बसून हे बघत होता. कारखाने बंद पडताना कामगारांचे असे फोटो पेपरात येतात.

चौकात गर्दी आली आणि आवाज तुटायला लागला. तान निघाली की मधले दोन स्वर गायब. पुढचे चार येतात, मग पुन्हा शांतता. मास्तर वाजवतायत, बोटं पळतायत, आणि बॉक्समधून नुसता ताशा. गंमत अशी की २.४ गिगाहर्ट्झची ही लहर पाण्यात जिरते. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच, त्यात नाचणारी पोरं पावसानं आणि घामानं भिजलेली. मास्तर आणि टेम्पो यांच्यामध्ये अशी दीड-दोनशे पोरं उभी राहिली की आमचा आवाज त्यांच्यातच संपतो. आण्णांच्या शेळ्या त्या ह्याच. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली, दारू उडवली, आणि त्या लहरी मधल्या भिंतींतून आणि प्रत्यक्ष लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून पार गेल्या असं सांगतात. आमच्या चौकातून त्या पार झाल्या नाहीत. गव्हर्नरसाहेब नाचत नसावेत.

त्यात प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, वायफाय त्याच पट्ट्यात, हॉटस्पॉट त्याच पट्ट्यात. या पट्ट्यात यंत्र चालवायला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून जगातली सगळी स्वस्त यंत्रं तिथंच येऊन बसलेली. मिरवणूक मोबाईलवर लाइव्ह दाखवणारे जेवढे वाढले तेवढा मिरवणुकीतला आवाज कमी झाला. पुण्या-मुंबईतल्या पाहुण्यांनी ती मूक मिरवणूक मोठ्या भक्तिभावानं बघितली म्हणे.

आवाज येत होता तेव्हाही घोटाळा होताच. मास्तर लांब गेले की लय सुटायची. ताशावाला म्हणायचा मास्तर मागं पडतायत, मास्तर म्हणायचे ताशावाला पळतोय. यंत्रावर संशय घेतला गेला. पण यंत्र चार-पाच मिलिसेकंदांत आपलं काम उरकत होतं, आणि तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम दीड मीटर चालतो. दोष हवेचाच होता. बेंजोतला आवाज टेम्पोपर्यंत लहरीवरून क्षणात जातो, पण बॉक्समधून निघालेला आवाज मास्तरांच्या कानापर्यंत मात्र पायीच येतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. खोक्यावर लिहिलेल्या शंभर फुटांवर मास्तर उभे राहिले की त्यांना स्वतःचं वाजवणं जवळजवळ नव्वद मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. ताशाही तसाच उशिरा. त्या उशिरा आलेल्या तालावर ते बोट टाकतात, ते बोट टेम्पोत लगेच वाजतं, आणि टेम्पोशेजारच्या ताशावाल्याच्या हिशेबात ते उशिराचंच. दहा मीटरच्या वायरीनं मास्तरांना इतकी वर्षं बांधून ठेवलं म्हणत होते. त्या वायरीनं त्यांना तालात ठेवलं होतं. हे पोरानं मास्तरांना आकडेमोड करून सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि ताशावाल्याला शंभर फूट लांब उभं करावं अशी सूचना केली.

आता आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभा केला. पुढं स्टेशनाचंही नाव बदललं. तेव्हापासून आमच्याकडं घरटी एक फिटर असतो आणि कुठलंही यंत्र आलं की पहिला प्रश्न किमतीचा नसतो, ‘खोलायचं कसं’ हा असतो. चौकात आवाज तुटल्याबरोबर गर्दीतून एक निवृत्त नाना आले. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. मिरवणुकीत स्क्रू-ड्रायव्हर कशाला, हे मी विचारलं नाही. ॲम्पमध्ये खुपसलेला तुकडा त्यांनी बघितला. टेम्पोच्या आत, बॉक्सच्या मागं, लोखंडी पत्र्याला चिकटून, माणसांच्या छातीच्या उंचीवर.

“ह्यो हितं बसून काय ऐकणार?” नाना म्हणाले. “वर काढा त्याला. डोक्यांच्या वर.”

निदान अगदी बरोबर होतं. लहरीला मोकळी नजर पाहिजे. प्रश्न एवढाच की रिसिव्हर वर न्यायचा तर त्याला ॲम्पशी जोडायला वायर पाहिजे. पुतण्याच्या गिटारची वायर परत एकदा उपसली गेली. मंडपवाल्याचा बांबू आला. बांबूच्या टोकाला रिसिव्हर, त्याला पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला चिकटपट्टी, आणि तिथून खाली ॲम्पपर्यंत वायर. ती पुरेना म्हणून मंडपवाल्याच्या पेटीतली आणखी एक जोडली. मोजून बघितलं तर बेंजोला आधी जेवढी वायर लागत होती तिच्या दीडपट लागली. आवाज मात्र सणसणीत आला. पोराची गिटार त्या दिवसापुरती मुकी झाली. तो शेवटपर्यंत गळ्यात गिटार अडकवून, बोटं फिरवत चालला. त्याला बक्षीसही मिळालं.

पण गावाच्या डोक्यावर तारांचं जाळं असतंच. विजेच्या, केबल टीव्हीच्या, कुणाच्या दोरीवरच्या धुण्याच्या. उंच गणपती असला की लाकडी बेचकं घेऊन तारा उचलणारा एक माणूस ट्रॉलीवर बसवतातच. बांबू लागल्यावर तसाच माणूस टेम्पोवर लागला. विजेची तार आली की बांबू आडवा, गेली की उभा. आडवा केला की आवाज गेला, उभा केला की आला. ही जबाबदारी कुणी घ्यायची? वायर धरणारा पोरगा उठून उभा राहिला. एका चौकात बेकार झालेला माणूस पुढच्या चौकात टेम्पोच्या टपावर होता, आणि मास्तरांचा आवाज आता सर्वस्वी त्याच्या हातात होता. गॅलरीखाली मास्तर जास्त वेळ थांबले की नेमकी तिथंच वर एखादी तार आहे असं त्याला दिसायचं.

रात्री दहाच्या सुमारास हवालदार आले. त्यांचीही एक पद्धत ठरलेली. बोलत बसायचं नाही, सरळ मास्तरांच्या बेंजोची वायर ओढायची, पिन निघते, मिरवणूक बंद. त्यांनी मास्तरांच्या भोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. ओढायला काहीच नव्हतं. मास्तर वाजवत राहिले. शेवटी हवालदारांनी हात जोडले, हे कुंडलच्या चौकात पहिल्यांदा घडलं असेल. तेवढ्यात निळा दिवा लाल झाला, दोनदा लुकलुकला आणि विझला. खोक्यावर पाच तास लिहिलेले. दुपारी चारला सुरू झालेलं यंत्र रात्री दहापर्यंत पोचलं, म्हणजे कबूल केल्यापेक्षा जास्तच चाललं म्हणायचं. हवालदारांना वाटलं आपल्या हात जोडण्याचा परिणाम.

बॅटरीचा विषय निघाला की मला मिरज आठवते. आमच्यापासून तासाभरावर. तिथं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करायला लागले आणि त्यांच्या वंशजांनी ते काम आजतागायत चालवलंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा, लाकूड, तारा, आणि चार्जिंग नाही. पुतण्याला मी हे म्हणालो, तर तो म्हणाला, “काका, विसर्जनाला तंबोरा घेऊन चला की मग.” यावर मला काही सुचलं नाही. आमच्या घरात आता रोज रात्री प्लगसाठी रांग असते: पाच मोबाईल, आण्णांची बॅटरी, काकींचं रक्तदाबाचं यंत्र, आणि कॉर्डलेसचे दोन तुकडे. हे दोन तुकडे एकाच वेळी चार्ज व्हावे लागतात. एकच झाला तर एक बोलतो आणि दुसरा ऐकत नाही.

यंदा लग्नसराईच्या आधी पार्टीनं सुपारीचं नवं पावतीपुस्तक छापून घेतलं. त्यात खाली बारीक अक्षरात वाढलेल्या अटी मी वाचल्या. कॉर्डलेस हवं असल्यास दर वेगळा. रेंज गेल्यास मास्तर जबाबदार नाहीत. बांबू यजमानांनी द्यावा. हळदीला मोबाईलचे हॉटस्पॉट बंद ठेवण्याची विनंती, आणि ती विनंती मुलीकडच्यांनाही लागू. वेळप्रसंगी वायर वापरण्याचा हक्क पार्टीनं राखून ठेवला आहे.

बांबूवाल्याचा दर मात्र कोरा ठेवलाय. तो म्हणतो, वायर धरायचे पैसे वेगळे होते, हे टपावरचं काम आहे, जिवाची जोखीम आहे, वर बक्षिसाच्या नोटा मास्तर स्वतः घेतात त्याची भरपाई पाहिजे. मास्तर म्हणतात, भरपाई मिळणार नाही. तो म्हणतो, मग तारा फार लागतात गावात, बांबू सारखा आडवा करावा लागणार. नानांना मध्यस्थ नेमलंय. दोन बैठका झाल्या, दोन्ही वेळा नानांनी आधी कॉर्डलेस खोलून बघितलं.